भट्टीवरच्या पंख्याच्या कंपनांतून वीज : तापमानाने बिघडवलेल्या एका संकलकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत ग्रे आयर्नची कास्टिंग्ज तयार करणारी एक मध्यम आकाराची फौंड्री आहे. तिथली काही कास्टिंग्ज मशिनिंगला जाण्यापूर्वी स्ट्रेस रिलीव्हिंगसाठी, म्हणजे आतील ताण घालवण्यासाठी, विद्युत भट्टीत ठेवली जातात. सुमारे सहा तासांत भट्टी ५५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, तीन तास तिथे थांबते आणि मग माल भट्टीतच सावकाश थंड होतो. या सर्व काळात भट्टीच्या छतातून आत सोडलेला एक पंखा आतील हवा फिरवत राहतो. पंख्याची पाती आत आणि बेअरिंग व मोटर बाहेर, अशी रचना असल्यामुळे शाफ्टवाटे उष्णता वर चढते आणि बेअरिंगचे हाउसिंग तीन-चार तासांत हाताला सोसणार नाही इतके तापते.

एकदा हे बेअरिंग बॅच चालू असताना जाम झाले, आतील तापमान असमान झाले आणि सगळा माल पुन्हा भट्टीत घालावा लागला. त्यानंतर मालकांनी बाजारात तयार मिळणारा एक बिनतारी कंपन-सेन्सर आणून हाउसिंगवर बसवला. त्याच्यातील नाण्याच्या आकाराचा सेल काही आठवड्यांतच संपू लागला, आणि दरवेळी तो बदलण्यासाठी कोणीतरी शिडी लावून भट्टीच्या माथ्यावर चढायचे, तेही भट्टी निवण्याची वाट पाहून. जो पंखा तासन्तास थरथरतो, त्याच्या थरथरीवरच सेन्सर का चालू नये, हा मालकांचा प्रश्न रास्त होता. तो प्रश्न घेऊन ते आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे आले. प्रस्तुत लेखक या कामात मार्गदर्शक होता, त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतील निम्म्याहून अधिक त्याच्याच आहेत.

उपकरण आणि पहिली चाचणी

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. आज कंपनांतून वीज घेण्यासाठी बहुधा शिसे, झिर्कोनियम आणि टायटेनियम यांच्या ऑक्साइडांचे एक सिरॅमिक वापरतात. व्यवहारात त्याला पीझेडटी म्हणतात. आम्ही पितळेच्या पातळ पट्टीच्या दोन्ही अंगांना पीझेडटी-५एच या प्रकारच्या चकत्या चिकटवल्या, पट्टीचे एक टोक पक्के आवळले आणि दुसऱ्या मोकळ्या टोकाला सुमारे १५ ग्रॅमचे वजन लावले. हे वजन शिवाजी उद्यमनगरातील एका लेथवर वळवून घेतले होते व त्यात बारीक जुळणीसाठी एक स्क्रू ठेवला होता. यंत्र हलले की पट्टी वरखाली लवते, सिरॅमिक आळीपाळीने ताणले व दाबले जाते आणि प्रत्यावर्ती विद्युतदाब मिळतो. कंपनांतून वीज गोळा करणाऱ्या या उपकरणालाच पुढे संकलक म्हटले आहे.

अशा पट्टीचा सारा जोर अनुनादावर असतो. यंत्राची वारंवारता आणि पट्टीची स्वाभाविक वारंवारता जुळली तरच पट्टी पुरेशी लवते. हा अनुनाद किती टोकदार आहे हे सांगणारा क्यू गुणांक आमच्या पट्टीसाठी ४० च्या आसपास होता. म्हणजे २४ हर्ट्झला तिचा उपयुक्त पट्टा जेमतेम ०.६ हर्ट्झ रुंद. त्याच्या बाहेर गेले की शक्ती झपाट्याने उतरते.

डिसेंबरमधल्या एका सकाळी, भट्टी रिकामी व थंड असताना, आम्ही पंखा चालवून मोजमाप घेतले. चार ध्रुवांच्या मोटरचा वेग मिनिटाला १४४२ फेरे, म्हणजे २४.०३ हर्ट्झ, हाउसिंगवरील कंपनाचे शिखर-त्वरण ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. पट्टी २४.१ हर्ट्झला जुळवली. योग्य रोधावर १४० मायक्रोवॉट मिळाले आणि प्रत्यावर्ती दाब एकदिश करणारा रेक्टिफायर व तो स्थिर ठेवणारा नियामक यांतील घट वजा जाता ८५ मायक्रोवॉट हाती उरले. दर दहा मिनिटांनी तापमान व कंपन मोजून संदेश पाठवणाऱ्या नोडची, म्हणजे बिनतारी सेन्सरच्या पेटीची, सरासरी गरज ४५ मायक्रोवॉट होती. जवळजवळ दुप्पट पुरवठा पाहून आम्ही समाधानाने परतलो.

अडचण

पहिल्या प्रत्यक्ष बॅचमध्ये नोडने सुरुवातीचे काही संदेश पाठवले आणि पाचव्या तासाच्या सुमारास तो मुका झाला. बॅच संपून भट्टी थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी पंखा पुन्हा चालू होताच तो जणू काही झालेच नाही अशा थाटात बोलू लागला. तीन बॅचमध्ये हेच घडले. संकलकाच्या तारांना थेट रोध जोडून शिखर तापमानाला मोजले तेव्हा १४० च्या जागी अवघे ९ मायक्रोवॉट मिळत होते. त्या वेळी हाउसिंगचे तापमान ८२ अंश होते.

ज्या काळात बेअरिंगवर सर्वाधिक ताण असतो आणि सेन्सरची खरी गरज असते, नेमक्या त्याच काळात तो गप्प होता. ज्याला ही अडचण किरकोळ वाटेल, त्याने सेन्सर कशासाठी बसवला होता ते आठवावे.

पहिला निर्णय : सिरॅमिक गेले की नाही

आमचा पहिला संशय सिरॅमिकवर होता, आणि तो पुस्तकी ज्ञानातून आला होता. पीझेडटीला दाबविद्युत गुण देण्यासाठी कारखान्यात प्रबळ विद्युतक्षेत्राखाली त्याचे ध्रुवण केलेले असते. क्यूरी तापमान ओलांडले की हे ध्रुवण पूर्णपणे नाहीसे होते. (हे तापमान त्याच प्येर क्यूरीच्या नावाने ओळखले जाते, हा योगायोग विद्यार्थ्यांना नेहमी आवडतो.) ५एच प्रकाराचे क्यूरी तापमान सुमारे १९० अंश आहे, तर ५ए प्रकाराचे सुमारे ३५० अंश. अंश सेल्सिअसमध्ये मोजलेल्या क्यूरी तापमानाच्या निम्म्यापर्यंतच सिरॅमिक निर्धास्तपणे वापरावे, असा कामकऱ्यांचा संकेत आहे. त्या हिशेबाने ५एचची मर्यादा ९५ अंशांच्या आसपास येते आणि आमचे ८२ अंश तिच्या बरेच जवळ होते. आम्ही ५ए प्रकारच्या चकत्यांची मागणी नोंदवण्याच्या बेतात होतो.

गटातील एका विद्यार्थिनीने त्या वेळी एक साधा आक्षेप घेतला. ध्रुवण गेले असेल तर ते थंड झाल्यावर आपोआप परत कसे येईल? तीच पट्टी प्रयोगशाळेत २५ अंशांवर पुन्हा मोजली, तेव्हा तिने १३२ मायक्रोवॉट दिले. मूळ १४० च्या तुलनेत घट किरकोळ होती. याचा अर्थ ८२ अंशांना जे होत होते ते बव्हंशी तात्पुरते, उलटणारे होते, आणि दोष ध्रुवणाचा नव्हता. अर्ध्या तासाच्या या मोजमापाने महिनाभराची चुकीची वाट वाचली. ते आधीच करायला हवे होते.

दुसरा निर्णय : मोजायचे काय

यानंतर दोन मते पडली. एका मताप्रमाणे बिघाड इलेक्ट्रॉनिक्समध्ये होता. आम्ही रेक्टिफायरमध्ये शॉटकी डायोड वापरले होते, आणि अशा डायोडची उलट गळती तापमानासोबत वेगाने वाढते. साध्या मंडळात जी गळती कोणाच्या लक्षातही येत नाही, ती मायक्रोअँपिअरच्या हिशेबात मोठी ठरते. वीज साठवून ठेवणाऱ्या सुपरकपॅसिटरचेही तसेच, अनेक सुपरकपॅसिटर पूर्ण विद्युतदाबाला ६५ ते ७० अंशांपर्यंतच चालावेत असे बनवलेले असतात. हा संशय खोटा नव्हता. पण ९ मायक्रोवॉट हा आकडा डायोडच्या आधी, थेट रोधावर मोजलेला होता. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स हा दुय्यम दोष मानला.

दुसरे मत पट्टीच्या यांत्रिक वर्तनाचे होते. ते तपासण्यासाठी प्रयोगशाळेतल्या छोट्या शेकरभोवती, म्हणजे हवे तसे कंपन देणाऱ्या यंत्राभोवती, पत्र्याचा डबा उभारला, त्याला आतून ग्लासवूल लावले आणि १०० वॉटचे दोन बल्ब सोडून आतील हवा तापवली. त्वरण ०.८ वर स्थिर ठेवून प्रत्येक तापमानाला पट्टीची त्या क्षणाची अनुनाद वारंवारता शोधायची आणि तिथे, त्या तापमानाला योग्य अशा रोधावर, शक्ती मोजायची, असे ठरले. पंख्याची वारंवारता स्थिरच आहे असे गृहीत धरून आम्ही केवळ २४ हर्ट्झला मोजत बसलो असतो, तर काहीही उलगडले नसते.

२५ अंशांना अनुनाद २४.१० हर्ट्झ व शक्ती १४० मायक्रोवॉट होती. ४५ अंशांना २३.९८ हर्ट्झ व १३४ मायक्रोवॉट, म्हणजे फारसा फरक नाही. पण ६० अंशांना २३.८० व १०८, ७० अंशांना २३.६२ व ८४, आणि ८२ अंशांना २३.५२ हर्ट्झ व ७१ मायक्रोवॉट असे आकडे आले. क्यू गुणांक ४० वरून २७ वर आला आणि चकत्यांची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ७८ नॅनोफॅरडवरून ११० वर गेली.

आकड्यांचा अर्थ

येथे थोडे थांबून तापमान अशा उपकरणात किती दारांनी शिरते ते पाहणे आवश्यक आहे, कारण आमचा गोंधळ सगळी दारे एकच समजण्यातून झाला होता.

पहिले दार सिरॅमिकच्या विद्युतगुणांचे. तापमान वाढले की पीझेडटीचा दाबविद्युत गुणांक कमी होत नाही, उलट काहीसा वाढतो. परंतु पराविद्युत स्थिरांक त्याहून वेगाने वाढतो. त्यामुळे तेवढ्याच ताणाला भार थोडा अधिक मिळाला तरी तो मोठ्या धारितेवर पसरतो आणि विद्युतदाब उतरतो. याचा एक उपपरिणाम असा की, ज्या रोधावर सर्वाधिक शक्ती मिळते तो रोधही बदलतो. हा रोध धारिता आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असतो. आमच्या पट्टीसाठी तो थंड असताना सुमारे ८५ किलोओहम होता आणि ८२ अंशांना ६० किलोओहमच्या आसपास आला. ५एचचे क्यूरी तापमान कमी असल्यामुळे त्याच्यात हा बदल ५एपेक्षा ठळक असतो.

दुसरे दार धातूचे. पितळेचा स्थितिस्थापकता गुणांक दर अंशाला साधारण ०.०४ टक्क्याने घटतो. वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळावर अवलंबून असल्यामुळे तिच्यातील घट त्याच्या निम्मी असते. पट्टी संपूर्ण पितळेची आहे असे मानले, तरी ५७ अंशांच्या वाढीला वारंवारतेतील घट १.१ टक्के, म्हणजे ०.२७ हर्ट्झ भरते. आम्हाला ०.५८ हर्ट्झ दिसली होती. उरलेली घट कोठून आली?

ती तिसऱ्या दारातून, म्हणजे चिकटवण्यातून आली. आम्ही साध्या खोलीच्या तापमानाला कडक होणारे दोन भागांचे इपॉक्सी वापरले होते. अशा इपॉक्सीचे काच-संक्रमण तापमान बऱ्याचदा ५० ते ६० अंशांच्या दरम्यान असते. त्यापलीकडे ते काचेसारखे न वागता रबरासारखे वागू लागते. मग पट्टी लवली तरी तिचा ताण चकतीपर्यंत पुरता पोहोचत नाही, ताठपणा उतरतो आणि इपॉक्सीच्या थरातच ऊर्जा जिरू लागल्याने क्यू गुणांक घसरतो. ४५ आणि ६० अंशांच्या मोजमापांमधला खड्डा हीच गोष्ट सांगत होता. हजारोंच्या चकत्या आणि त्यांना जोडायला हार्डवेअरच्या दुकानातली ट्यूब, हा विरोधाभास तेव्हा आमच्या लक्षात आला नव्हता.

तरीही हिशेब पुरा होत नव्हता. ८२ अंशांना पट्टी स्वतःच्या अनुनादावर ७१ मायक्रोवॉट देत होती आणि भट्टीवर ९ मिळत होते. पंखा अजूनही २४.०३ हर्ट्झलाच फिरत असेल, तर ०.५१ हर्ट्झच्या अंतराला आणि २७ च्या क्यू गुणांकाला शक्ती निम्म्याहून थोडी कमी व्हायला हवी होती, आठव्या हिश्श्यावर यायला नको होती.

भट्टीवाल्यांचे कान

हे कोडे प्रयोगशाळेत सुटले नाही. भट्टीवर वीसेक वर्षे काम केलेले ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते आमची मोजमापे चालू असताना शेजारी उभे होते. ते म्हणाले, “सर, भट्टी तापली की पंखा हलका पळतोय बघा. आवाज बारीक होतोय, आणि पॅनेलवर अँपिअर बी उतरतोय.” विद्यार्थिनीने विचारले, “मामा, किती उतरतात?” त्यांनी आकडा तोंडपाठ सांगितला : सकाळी साडेदहा अँपिअर, रात्री सहा अँपिअर.

हवा ५५० अंशांना तापली की तिची घनता खोलीच्या तापमानाच्या मानाने सुमारे ३६ टक्के उरते. पंख्यावरचा भार त्याच प्रमाणात कमी होतो. भार घटला की इंडक्शन मोटरची स्लिप, म्हणजे समकालिक वेगाच्या मागे राहण्याचे तिचे प्रमाण, घटते, आणि मोटर समकालिक वेगाच्या, म्हणजे १५०० फेऱ्यांच्या, अधिक जवळ जाते. त्या रात्री टॅकोमीटर लावला तेव्हा वेग १४७९ फेरे भरला. थंड असताना स्लिप ५८ फेऱ्यांची होती, आता ती २१ होती. घनतेच्या गुणोत्तराशी आकडा चपखल जुळला. वारंवारता २४.६५ हर्ट्झ झाली होती.

म्हणजे तापमानाने दोन्ही टोके एकाच वेळी हलवली होती, आणि तीही उलट दिशांना. पट्टी २४.१० वरून २३.५२ वर उतरली होती, तर पंखा २४.०३ वरून २४.६५ वर चढला होता. अंतर १.१३ हर्ट्झ. २७ च्या क्यू गुणांकाने हिशेब केला तर ७१ मायक्रोवॉटचे साडेनऊ होतात. मोजलेले ९ याहून जवळ येणे कठीण.

यातून घटीची वाटणीही स्पष्ट झाली. सिरॅमिक व इपॉक्सी यांच्यामुळे १४० चे ७१ झाले. उरलेल्या ७१ पैकी सात-अष्टमांश शक्ती केवळ जुळणी सुटल्यामुळे गेली. सिरॅमिक बदलून आम्ही फार तर पहिल्या भागातला काही हिस्सा वाचवला असता.

विचारात घेतलेले पर्याय

संकलक हाउसिंगवरून काढून थंड जागी, म्हणजे खालच्या खांबावर बसवणे हा सर्वांत सरळ पर्याय होता. परंतु खांबावर कंपन जवळजवळ नव्हते. हाउसिंग आणि संकलक यांच्यामध्ये बेकलाइटचा जाड तुकडा घालून उष्णता अडवणे हा त्याचा मध्यममार्ग. त्यात धोका असा की, उष्णता अडवणारा आधार जर लवचीक असेल तर तो स्वतःच एक स्प्रिंग बनतो. म्हणून तुकडा आखूड व रुंद ठेवून तो २४ हर्ट्झच्या कितीतरी वर ताठ राहतो याची खात्री करावी लागली.

थोड्या वेगवेगळ्या वारंवारतांच्या दोन-तीन पट्ट्या शेजारी शेजारी बसवून पट्टा रुंद करता येतो. हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सुंदर होता, पण एका वेळी एकच पट्टी काम करते आणि बाकीच्या निष्क्रिय राहतात. खर्च तिप्पट, उत्पन्न एकाचे.

हाउसिंग आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर चालणारा थर्मोइलेक्ट्रिक जनित्र-तुकडा लावावा, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. उष्णता हाच शत्रू असेल तर तिलाच कामाला लावावे, हा विचार आकर्षक होता. मात्र त्याला थंड बाजूला मोठा हीटसिंक लागतो, भट्टीच्या माथ्यावर बाहेरची हवाही गरमच असते, आणि फौंड्रीतील धूळ महिनाभरात हीटसिंकच्या पाकळ्या बुजवते. हा पर्याय आम्ही कागदावरच सोडला. आज मागे वळून पाहता तो एकदा तरी मोजून सोडायला हवा होता असे वाटते.

शेवटचा पर्याय सेलचा. पहिल्या सेन्सरचा सेल संपला, यावरून ‘इथे सेल चालत नाही’ असा निष्कर्ष सर्वांनी काढला होता. वस्तुतः नाण्याच्या आकाराचे बरेचसे लिथियम सेल ६० ते ७० अंशांपर्यंतचेच असतात आणि आपण तो ८२ अंशांवर ठेवला होता. लिथियम-थायोनिल क्लोराइडचे सेल ८५ अंशांपर्यंत चालतात. त्यांतील पेन्सिल सेलच्या आकाराच्या एकाची क्षमता सुमारे २.४ अँपिअर-तास असते. ४५ मायक्रोवॉटच्या गरजेला ती कागदोपत्री वीस वर्षांहून अधिक पुरते. प्रत्यक्षात स्वयं-विसर्जनामुळे हा आकडा बराच खाली येतो, विशेषतः उष्ण जागी, तरी काही वर्षे निश्चित निघतात. हे गणित मी मालकांसमोर मांडले तेव्हा ते हसून म्हणाले, “मग सर, एवढा खटाटोप कशाला केला आपण?” त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच प्रामाणिक उत्तर होते : पुढे कंपनांचा संपूर्ण वर्णपट वारंवार पाठवायचा झाल्यास गरज कित्येक पट वाढेल आणि तेव्हा सेल पुरणार नाही. हे उत्तर खरे असले तरी ते नंतर सुचलेले होते.

केलेली कार्यवाही

अखेरीस निवडलेला मार्ग मिश्र होता. त्याचा गाभा असा की, पट्टी थंड अवस्थेला जुळवण्याऐवजी तप्त अवस्थेला जुळवायची. पंखा बॅचमधील बहुतांश काळ तापलेल्या हवेत फिरतो आणि नोडची गरजही तेव्हाच असते. थंड असताना पट्टी जाणूनबुजून बेसूर ठेवायची, म्हणजे तापल्यावर ती सुरात येईल. वारंवारता तीन टक्क्यांनी वाढवण्यासाठी टोकाचे वजन सुमारे सहा टक्क्यांनी कमी करावे लागते. ते स्क्रू आखूड करून आणि वजनाचा थोडा भाग छिलून साधले.

इपॉक्सी बदलणे अनिवार्य होते, आणि येथे एका निर्णयाने दुसरा निर्णय ओढून आणला. उष्णतेला टिकणारे इपॉक्सी १२० अंशांना तासभर भाजावे लागते. ५एच प्रकाराला ते तापमान मानवणारे नव्हते. त्यामुळे ज्या ५ए चकत्या आम्ही चुकीच्या कारणासाठी मागवणार होतो, त्याच आता योग्य कारणासाठी मागवल्या. २५ अंशांना ५ए थोडे कमी देते, कारण त्याचा दाबविद्युत गुणांक लहान आहे. तापमानासोबत मात्र ते कमी चळते.

पहिली ५ए पट्टी वाया गेली. घाईत विद्यार्थ्यांनी एका अंगाची चकती आधी भाजून घेतली. तापमानासोबत पितळ सिरॅमिकच्या कित्येक पट प्रसरण पावते, त्यामुळे निवताना पट्टी धनुष्यासारखी वाकली आणि दुसरी बाजू आवळताना चकतीला तडा गेला. त्यानंतर दोन्ही चकत्या एकाच वेळी, दोन सपाट ठोकळ्यांमध्ये दाबून भाजल्या. तशा भाजल्या की पट्टी सरळ राहते, आणि निवताना आकसणारे पितळ सिरॅमिकला कायमचे किंचित दाबून धरते. ताण न सोसणाऱ्या सिरॅमिकच्या दृष्टीने ते फायद्याचेच.

इलेक्ट्रॉनिक्सची पेटी दीड मीटर तारेने खालच्या खांबावर आणली. तिथले तापमान ४५ अंशांच्या पुढे जात नाही. मीटरला शंभरेक पिकोफॅरड धारिता असलेली झाकलेली तार चकत्यांच्या नॅनोफॅरडमधील धारितेपुढे नगण्य असल्याने तिने काही गमावले नाही. शॉटकी डायोड काढून कमी गळतीचे सिलिकॉन डायोड घातले, रोध-जुळणी तप्त अवस्थेतील धारितेनुसार ठेवली, आणि बेकलाइटच्या तुकड्यामुळे पट्टीचे शिखर तापमान ८२ वरून ६६ अंशांवर आले.

निष्पत्ती

नवी पट्टी थंड असताना २४.८५ हर्ट्झला बोलते आणि ६६ अंशांना २४.६५ ला. बॅचच्या सुरुवातीला ती अवघे १४ मायक्रोवॉट देते, आणि हे पाहून पहिल्या दिवशी मालकांचा चेहरा उतरला होता. भट्टी साडेतीनशे अंशांच्या पुढे गेली की पुरवठा गरजेच्या वर जातो आणि शिखर तापमानाला रोधावर १०४ मायक्रोवॉट, नियामकानंतर सुमारे ६५ मायक्रोवॉट मिळतात. मधली तूट ०.४७ फॅरडचा सुपरकपॅसिटर भरून काढतो, ३.३ व्होल्टपासून २.२ व्होल्टपर्यंत उतरताना तो गळती धरूनही सात तास पुरतो. पंखा बंद असताना नोडने झोपून राहावे, असा बदल त्याच्या प्रोग्राममध्ये केला. सुट्टीनंतर सुपरकपॅसिटर रिता असेल तर पहिल्या काही तासांचे संदेश मिळत नाहीत, आणि ही उणीव अद्याप आहे.

सहा महिन्यांनी पंख्याचे बॅलन्सिंग झाले. कंपन ०.८ वरून ०.४५ वर आले, आणि शक्ती त्वरणाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती एक तृतीयांशाच्याही खाली गेली. यंत्र निरोगी झाले की त्यावर जगणारा सेन्सर उपाशी राहतो, हा दोष तापमानाचा नसला तरी तो येथे नोंदवला पाहिजे. त्यानंतर खांबावरच्या पेटीत थायोनिल क्लोराइडचा एक सेल जोडला. आता संकलक देईल तेवढे घ्यायचे आणि उरलेले सेलकडून, अशी व्यवस्था आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिली जुळणी रिकाम्या, थंड भट्टीवर करणे ही मूळ चूक होती. एक बॅचभर हाउसिंगचे तापमान, मोटरचा वेग आणि कंपन यांची नोंद घेतली असती, तर पट्टी बनवण्यापूर्वीच अर्धे उत्तर हातात असते. त्यासाठी लागणारा थर्मोकपल, टॅकोमीटर आणि पॅनेलवरचा अँपिअरमीटर फौंड्रीत आधीपासून होते. मामांना पहिल्याच दिवशी विचारले असते तर टॅकोमीटरही कदाचित लागला नसता.

दुसरी गोष्ट सेलची. गरज आणि तापमान यांचा हिशेब आधी मांडला असता, तर ‘सेल चालत नाही’ आणि ‘हा सेल इथे चालत नाही’ यांतील फरक कळला असता. मग संकलक हवा की नको याचा निर्णय उघड्या डोळ्यांनी घेता आला असता. कदाचित तो नकोच, असाही झाला असता.

त्याच फौंड्रीत आता दुसरी भट्टी आली आहे आणि तिच्या पंख्याला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलता येणारे उपकरण, आहे. ऑपरेटर हवेच्या तापमानानुसार वेग बदलतात, त्यामुळे एका वारंवारतेला जुळवलेली पट्टी तिथे टिकणार नाही. तिच्यासाठी काहीही बनवायला घेण्याआधी सलग चार बॅचची नोंद घ्यायची असे ठरले आहे, आणि नोंदवहीतला पहिला रकाना पॅनेलवरच्या अँपिअरचा आहे.